घरात ठरवतं कोण

कपबशी कलंडली, चहा लेंग्यावर सांडला, तरी महिपत हूं की चूं करेना. तुळसाने वळून पाहिलं. नवऱ्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात मांडीवर नुसता पडला होता.

शेजारचे आप्पा धावत आले. "वारा गेला गो अंगावरून. तेल गरम कर, चोळूया. आनि आधी रितेशला फोन लाव."

आप्पांचं तरी काय चुकलं? आमच्या वाडीत मुंबईला विचारल्याशिवाय पान हलत नाही. कौलं बदलायची, फोन. म्हैस विकायची, फोन. तुळसाचा तर जन्म असाच गेला. नवरा मुंबईत होता तेव्हा त्याला पत्र, तो परतल्यावर मुलाला, रितेशला फोन.

घरात रेंज नव्हती. फोन घेऊन ती वर सड्याच्या उघड्या माळाकडे निघाली आणि वाटेतच थबकली. तिला नंदा आठवली.

नंदा ही वाडीची आशाताई. पूर्वी तिच्या पिशवीत तापाच्या गोळ्या नि जुलाबाची पाकिटं असत, आता रक्तदाबाचं मशीन असतं. पोरं मुंबईत, गावात म्हातारे. तापाने आता सहसा कुणी जात नाही, पण लकव्याने खाट धरलेलं माणूस दर दोन-चार घरांमागे आहे. "तोंड वाकडा झाला, हात पडला, तर तेल नको नि कोनाची वाट नको. सरळ रत्नागिरी," असं सांगून सांगून ती दमली होती. बायका माना डोलवून घरी जात. तुळसाच्या डोक्यात मात्र ते बसलं होतं.

सडा सोडून ती वाडीतल्या हर्षदच्या रिक्षाकडे वळली. महिपतला रिक्षात बसवताना आप्पांना म्हणाली, "रितेशला तुमीच कळवा."

रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात डोक्याचं स्कॅन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुठळी विरघळायचं इंजेक्शन आत्ताच द्यायला हवं. कधीकधी त्याने डोक्यात रक्तस्राव होतो, जिवावर बेतू शकतं. तुमच्या घरात ठरवतं कोण?"

तेवढ्यात रितेशचा फोन आला. "आई, काही करू देऊ नकोस. मी निघालोय, येईपर्यंत थांब."

बरंवाईट झालं असतं तर मुलाने आणि वाडीने तिलाच बोल लावला असता.

"थांबायला येळ नाय, बाळा," म्हणून तिने फोन ठेवला आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "मी ठरवतंय. द्या."

मला या बाईचा अभिमान वाटतो, तो इथेच सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी रितेश रागातच आला, पण बापाने त्याला डोळ्यांनी ओळखलं तसा त्याचा राग विरला. महिपतचं तोंड बरंचसं सरळ झालं होतं. हात मात्र उठत नव्हता, आणि तो उठेलच असं डॉक्टरीणबाईही म्हणेनात.

"आई, बाबांना इथून मुंबईला नेऊ की गावाला? तू सांगशील तसं," रितेश म्हणाला.

तुळसाने पेजेची वाटी खाली ठेवली. "मी कशाला? त्यांना इचार."

महिपतचे ओठ हलू लागले. शब्द तोंडात घोळत होता, बाहेर पडत नव्हता.

"गावालाच ना, बाबा?" रितेश घाईने म्हणाला.

"बोलूं दे त्यांना," तुळसा म्हणाली. तिने पदराने नवऱ्याची हनुवटी पुसली आणि त्याचा शब्द पुरा होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.