लाल दोऱ्याचा चोर

माझ्या भेंडीवर कुणाचातरी डोळा होता. आणि तो कुणीतरी म्हणजे वर्गातला शौनकच, शंभर टक्के!

आठ दिवसांवर विज्ञान प्रदर्शन. माझा विषय ‘विज्ञानातील अग्रणी स्त्रिया’. तक्त्यावर उसाचे संकर करणाऱ्या जानकी अम्मल, आणि शेजारी कुंडीत माझा स्वतःचा संकर! रोज सकाळी हिरव्या भेंडीचं फूल उमललं की मी चिमट्यानं त्यातले पिवळे केसर काढायचे आणि लाल भेंडीचा पराग लावायचे. तीन शेंगा धरल्याही. वर्गात मी एवढं मिरवलं की शौनक म्हणाला, "बघू की, किती दिवस टिकते तुझी भेंडी!"

आणि परवा एक कळी सोललेली सापडली. काल दोन. वर लाल दोरा बांधलेला! उद्या हीच तोडायची, अशी खूण.

मधल्या सुट्टीत मी शौनकची कंपासपेटी उलटी केली. दोरा नव्हता.

"बिलकुल येडी झालीस का गं?"

चोर असंच बोलतात.

संध्याकाळी मी अंगणातल्या टाकीमागं दबा धरून बसले. फाटक वाजलं. आल्या शेजारच्या द्वारकाकाकू, वीस वर्षं बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला, म्हणजे फुलांचा संकर करायच्या मजुरीला, जाणाऱ्या. सरळ कळी धरली आणि नखानं सोलायला लागल्या.

"काकू! तुम्ही?"

"मंग कोण? तुला सांगून पाह्यलं, तू म्हणलीस पुस्तकात तसं न्हाई. अगं, फूल उघडल्यावर केसर काढून काय फायदा? तवर त्याचा पराग त्यालाच लागून गेला. वरातीमागून घोडं! उद्याची कळी आज सांजेलाच सोलायची, दोरा बांधायचा. सकाळी दोरा पाहून पराग लावायचा. तो बी मीच लावला, तू शाळेला गेल्तीस."

"आणि माझ्या तीन शेंगा?"

"साधी भेंडी हाय. भाजी कर."

बी पेरून उगवेपर्यंत कुणालाच कळलं नसतं. शौनकला तर जन्मात नाही. मी ओसरीवरच्या तक्त्याकडं पाहत राहिले: ‘पहिला संकर: यशश्री’. मग पेन घेऊन माझं नाव खोडलं. जानकी अम्मलच्या शेजारी द्वारकाबाईंचं लिहिलं.

काकूंनी डोळे बारीक केले. "माझं नाव कशाला? काय लफडं हाय?"

"काही नाही. संकर तुमचा आहे."

"मंग दोरा बी चिकटव तिथं. बिनदोऱ्याच्या फुलावर आमच्यात कोणी भरोसा ठेवत न्हाई."