पुरखे ड्युटीवर नव्हते

आमच्या नव्या ट्रकने पहिल्या खेपेच्या आधीच दारू प्यायली. मी प्यायलो नव्हतो. हे मी आमच्या बंजारा तांड्यात सगळ्यांना सांगितलंय, पण विश्वास फक्त मशीनने ठेवला.

पुंडलिकराव म्हणजे पांढरकवड्याजवळचे कापूस-तुरीवाले. शेतीला जोड म्हणून त्यांनी ट्रक घेतले. जिनिंगमधून कापसाच्या गाठी उचलायच्या आणि तेलंगणातल्या एका सूतगिरणीत नेऊन टाकायच्या. मी त्यांच्याकडे पाण्याचा टँकर चालवायचो. टँकरला हॉर्न नव्हता, ब्रेक मूडमध्ये असला तर लागायचा. त्यामुळे लोक मला दुरूनच ओळखायचे आणि बाजूला व्हायचे. नवा ट्रक आला तेव्हा पुंडलिकराव म्हणाले, संजय, हा तुझा. माझ्यासारखा ड्रायव्हर केळापूर तालुक्यात दुसरा नाही हे मला माहीत होतं, त्यांना आता कळलं इतकंच.

अट मात्र अक्षयभाऊची होती. अक्षय हा पुंडलिकरावांचा मुलगा. तो पुण्याहून रस्ता सुरक्षेचा कोर्स करून आला. तेव्हापासून अंगणात मागे वळायचं असलं तरी आधी हात दाखवतो. त्याने जाहीर केलं, की ज्या गाडीच्या नावावर दारूची नोंद होईल, ती गाडी त्या ड्रायव्हरकडून काढून घेतली जाईल. सूतगिरणीलाही तसंच हवं होतं. म्हणजे पहिली खेप स्वच्छ गेली तर ट्रक माझा, नाही तर टँकर आणि मी परत एकत्र. टँकरची चावी अजून माझ्या खिशातच होती. ती परत घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं.

अक्षयने आम्हा ड्रायव्हरांना बसवून नियम समजावले होते. ड्युटीवर प्यायची नाही, हे सगळ्यांनी लगेच मान्य केलं. ड्युटी संपल्यावरही गाडीत प्यायची नाही, मग गाडी उभी असो, इंजिन बंद असो नाही तर चाकं काढून ठेवलेली असोत. प्यायची असेल तर गाडीपासून दूर जाऊन प्यायची. आणि माल भरलेली गाडी सोडून दूर जायचं नाही. तेव्हा एकाने विचारलं, मग प्यायची कुठं? अक्षय म्हणाला, नियमांची गंमत तिथंच आहे.

वर त्याने केबिनमध्ये एक यंत्र बसवलं. हवेत दारूचा वास आला की ते ओरडतं, इंजिन सुरू होऊ देत नाही आणि अक्षयच्या मोबाईलवर कळवतं. आम्ही त्याला सासूबाई म्हणतो. ती स्वतः काही करत नाही. वास घेते आणि वर कळवते.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगावी लागेल. आम्ही लदेणीवाले. आमचे पुरखे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. म्हणून आमच्या तांड्यात नवी गाडी आली, की पहिल्या खेपेआधी मोहाच्या दारूचा घोट पुरख्यांच्या नावाने पुढच्या उजव्या चाकावर ओततात. ट्रॅक्टर असो, मोटरसायकल असो. माझ्या चुलतभावाने व्यायामाची सायकल आणली तेव्हाही ओतली होती. ती सायकल जागची हलत नाही, पण आजवर तिला अपघात नाही. माझा यावर विश्वास आहे का, असं मला विचारू नका. मी त्या टँकरच्या चाकावर ओतली होती आणि तो टँकर अजून कुणाला लागलेला नाही.

ओतायचं काम देवसिंगकाकाचं. काकाने जन्मभर ट्रक चालवला, तोही दरवाजा दोरीने बांधलेला. दारू त्याने केव्हाच सोडली, पण ओतायला हात अजून पक्का आहे. ट्रक जिनिंगच्या आवारात उभा होता, गाठी भरायला हमाल येणार होते. मी नारळ आणि लिंबू आणायला ठेल्यावर गेलो होतो. काका आणि हंसाबाईकाकी ट्रकपाशी थांबले.

काकाने केबिनचं दार उघडून आत पाहिलं. आत एसी होता. गादीची सीट होती. मागे झोपायला बर्थ होता. काका तिथंच उभा राहून विचार करत राहिला. आपली पोरं गारव्यात बसणार आणि पुरखे बाहेर धुळीत, चाकापाशी, हे त्याला बरं वाटेना. त्याने एसी लावला, जिथून गार हवा येते त्या जाळीत चार पुरख्यांच्या नावाने चार घोट ओतले आणि त्यांना आत बसायला सांगितलं.

मी परत आलो तेव्हा सासूबाई ओरडत होत्या, ट्रकचे सगळे दिवे मिचमिचत होते आणि काका समाधानाने बिडी शिलगावत होता.

"बसले सारे," तो म्हणाला.

अक्षय जिनिंगच्या कॅन्टीनमधून चहाचा कप हातात घेऊनच आला. आधी माझ्या तोंडाला फुंकायचं यंत्र लावलं. शून्य. काका, शून्य. काकीला कुणी म्हटलं नव्हतं, पण तिने अक्षयच्या हातातून यंत्र घेतलं आणि फुंकलं. शून्य. तिला बरं वाटलं. मग अक्षयने केबिनमध्ये डोकं घालून सासूबाईंचा आकडा पाहिला. बाहेर येऊन म्हणाला, एवढी प्यायलेला माणूस उभा राहू शकत नाही. मी म्हटलं, ट्रक दहा चाकांवर उभा आहे.

"कोण प्यायलं?" अक्षयने काकाला विचारलं.

"पुरखे."

अक्षय चिडेल असं मला वाटलं होतं. पण कोर्स केलेल्या माणसाला पुढचा प्रश्न पाठ असतो.

"नावं सांगा."

"लालसिंग, रामसिंग, डोंगरसिंग. आन् रुपीबाई."

"रुपीबाईपण प्यायल्या?"

"तिले पयले देल्ली. नाही तं बाकीचे घेत नाही."

"हे काय ड्रायव्हर होते?"

"होते नं बाबू. बैलाईचे."

"आता ड्युटीवर होते?"

काकाने बिडी तोंडातून काढली. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. "नाही जी. त्याईची ड्युटी कवाचीच सरली."

"म्हणजे ड्युटीवर नसलेल्या चार ड्रायव्हरांनी उभ्या गाडीत दारू प्यायली," अक्षय म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला. सगळा नियम जसाच्या तसा मोडला होता. असं उदाहरण त्याला पुण्यातही मिळालं नसणार.

मग त्याने मला समजावलं, की गाडीत कोण बसतं याला ड्रायव्हर जबाबदार. मी म्हटलं, यांना मी बोलावलं नव्हतं, पाहुणे आपणहून आले. हे काकाने ऐकलं.

"आपल्याच माणसाईले पाहुणे म्हणून राह्यला," तो काकीला म्हणाला. काकीने माझ्याकडे पाहिलं आणि मी तो मुद्दा सोडून दिला.

अक्षय मनाने वाईट नाही. त्याने वाट काढून दिली. गाठी भरायच्या आत सगळे खाली उतरले आणि सासूबाईंनी शून्य दाखवलं, तर तो गिरणीला कळवणार होता की गोष्ट गाडी निघण्याआधीच मिटली. मग ट्रक माझ्याकडेच. मी काकाला म्हटलं, उतरव त्याईले.

"बसवलेल्या माणसाले उठवत नाही आपण," काका म्हणाला. "तुले उठवायचं असंन तं उठव. मंग ह्या गाडीत तांड्याचा कोणी बसणार नाही. तूबी नाही."

आणि खरं सांगायचं तर मीही बसलो नसतो. म्हणजे पुरखे बसून राहिले तर अक्षय ट्रक काढून घेणार, उठवले तर मी स्वतःच सोडणार. खिशातली टँकरची चावी मांडीला टोचायला लागली.

तेवढ्यात पुंडलिकराव आले. हमाल येऊन बिड्या ओढत बसले होते आणि एकही गाठ हलली नव्हती. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी कापूस वाहून राह्यलो का पुरखे?" पण तेही मूळचे शेतकरी. नारळ फोडल्याशिवाय त्यांनी साधी मोटर कधी विहिरीत सोडली नाही. त्यामुळे पुरख्यांना हाकला असं त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यांनी फक्त विचारलं, की पुरख्यांना बसूच दिलं तर काय बिघडतं.

अक्षयने जागा मोजल्या. ड्रायव्हर धरून केबिनमध्ये तिघांनाच परवानगी. पुरखे चार, पाचवा मी.

"दाटीवाटीनं बसतीन," काका म्हणाला.

ते चालत नाही, असं अक्षय म्हणाला. पुंडलिकरावांनी गाठींवर बसवायचं सुचवलं. मालावर माणूस बसवायला बंदी आहे. मी बर्थ सुचवला. बर्थवर ड्रायव्हर झोपतो, आणि प्यायलेल्या ड्रायव्हरने गाडीत झोपायचं नाही. चर्चा छान चालली होती. एक हमाल जवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, त्यातल्या दोघांना पुढच्या खेपेला घ्या. यावर अक्षयने खरोखर थोडा विचार केला.

हंसाबाईकाकी इतका वेळ एका गाठीवर बसून बाहीला चिकटलेला कापूस काढत होती. ती तिथूनच काकाला बोलली.

"काहून बसवलं त्याईले?"

"एसी हाय," काका म्हणाला.

"पुरखे कधी बसले होते काय? बैलावर मीठ राहे. माणसं पायी. रुपीबाई तं कडेवर पोर घेऊन चालली, असं तुमची मायच सांगे. सारी जिंदगी जे चालले, त्याईले तुम्ही डब्यात कोंडलं. पाय आखडले असतीन त्याईचे."

काकाने बिडी टाकली, पायाने विझवली. ड्रायव्हर माणूस, जन्मभर बसूनच गेला, त्यामुळे पुरखेही बसत असतील असं तो धरून चालला होता. बायको म्हणते ते बरोबर आहे असं चारचौघांत म्हणायची त्याची पद्धत नाही. तो सरळ ट्रककडे गेला आणि दुसऱ्या बाजूचं दारही उघडलं.

"उतरा जी," तो आत बघून म्हणाला. "चुकलं माहं."

त्याने एकेकाला उतरवून घेतलं. रुपीबाईला हात दिला. वाटेत अक्षय उभा होता, तो दोन पावलं मागे सरकला आणि सरकण्याआधी त्याने हात दाखवला.

बाटलीत थोडी उरली होती. काकाने विचारलं, गाडीपासून दूर म्हणजे किती दूर? अक्षयने स्वतः चालून जागा दाखवली, आवाराच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला. तिथं काकाने चौघांना परत एकेक घोट दिला. नियमात बसलं. गाडी अजून रिकामी होती, त्यामुळे ती सोडून दूर जाण्याचाही प्रश्न नव्हता. अक्षय म्हणाला, हे चारही ड्रायव्हर फार शिस्तीचे निघाले.

आता राहिला केबिनमधला वास. पाण्याने पुसलं, सासूबाई थांबेनात. एसी लावला तर आणखी जोरात ओरडल्या. शेवटी पुंडलिकरावांनी जिनिंगमधून सरकी काढलेला कापूस मागवला. हमालांनी आणि मी मिळून तो एसीच्या जाळीत ठासला, काढला, परत ठासला. पांढराशुभ्र कापूस आत जायचा आणि मोहाचा वास घेऊन बाहेर यायचा. एक हमाल तो बोळा हुंगून बाजूला ठेवत होता, त्याला काकीने तिथून उठवलं. दोन्ही दारं उघडी टाकली, वारा आरपार गेला. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग गप्प झाल्या. शून्य.

मी फुंकलं. शून्य. स्टार्टर मारला. इंजिन असं लागलं, की टँकरची आठवण आपोआप पुसली गेली. गाठी चढल्या, ताडपत्री आवळली, नारळ फुटला. काका माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "हळू घे. ते समोर चालून राह्यले."

"कुठवर?"

"हायवेपर्यंत. तिथून त्याईची वाट अलग. तंवर त्याईच्या पुढं जायचं नाही."

मी पहिला गिअर टाकला आणि पहिल्यातच राहिलो. फाटकातून निघालो. एक सायकलवाला आमच्या पुढे गेला. मग डोक्यावर तुराट्यांचा भारा घेतलेली एक बाई पुढे गेली. तिने वळून पाहिलं आणि गाडी बिघडली का, असं विचारलं. काका म्हणाला, नाही, पुढं मोठी माणसं हायेत. तिने पदर सारखा केला आणि रस्त्याच्या कडेने चालू लागली. बकऱ्यांचा एक कळप आमच्यासोबत आला, नंतर कंटाळून पुढे निघून गेला. मी हॉर्न एकदाही वाजवला नाही. इतक्या वर्षांनी हॉर्न मिळाला होता, पण आपल्या माणसांना मागून हॉर्न कोण मारतं?

अक्षय मोटरसायकलवर मागे होता. त्याला दोनदा तोल सावरायला पाय टेकावे लागले.

हायवे आला तसा काका म्हणाला, थांब. त्याने खिडकीतून बाहेर थोडा वेळ पाहिलं, हात जोडले आणि खाली उतरला. "गेले," म्हणाला.

अक्षय खिडकीपाशी आला. गिरणीचा फोन येऊन गेला होता. ट्रक कुठे आहे आणि किती वेगात आहे हे त्यांना तिथं बसून दिसतं. इतका सावध ड्रायव्हर आम्ही आजवर पाहिला नाही, असं ते म्हणाले, आणि आमच्या मालासाठी हाच माणूस कायम ठेवा. ट्रेनिंग कुठे झालं, असंही त्यांनी विचारलं होतं.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"घरचंच आहे म्हटलं." मग तो थोडा घुटमळला. "संजय, रुपीबाईंचा आणखी काही नियम असंन तं काकांना विचारून ठेव."

मी खिशातून टँकरची चावी काढली, त्याच्या हातात दिली आणि दुसरा गिअर टाकला.