ओळ झेलणारी मुलं

कुमुदने दातांत धरलेली टाचणी काढली आणि ‘१४’ लिहिलेला कागद सोमीच्या खांद्यावर टोचला. कागद सरळ बसेना, कारण सोमी एका जागी थांबत नव्हती.

“हलू नकोस गं. टोचेल.”

“बाई, आत भाषन करनारा पोरगा घामानं पार भिजलाय. बगा तरी.”

“त्याला नको बघूस. तुझं आठव. पहिली घंटा चार मिनिटांनी...”

“दुसरी पाचला. कागद बगायचा नाय, मदी कुनी सांगायचं नाय, जय हिंद म्हनून खाली यायचं.” एका दमात एवढे सांगून सोमी हसली. “तुमीच घाबरलाव बाई.”

खोटे नव्हते. कुमुदचे तळवे ओले झाले होते. पण ती निव्वळ भीती नव्हती. वार्षिक संमेलनात पडदा उघडण्याआधी लहानपणी जी हुरहुर वाटायची, तीच आज पस्तिसाव्या वर्षी वाटत होती.

दिवाळीनंतर डोंगरवाडीतली सतरा मुले आईबापांबरोबर कोन गावच्या वीटभट्टीवर आली, आणि वाडीच्या शाळेच्या हजेरीपटात त्यांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा पडत गेल्या. कुमुद त्याच शाळेवर शिक्षिका होती. संध्याकाळी नवीन पनवेलच्या घरी जाण्याआधी ती भट्टीवर उतरे, विटांच्या थप्पीला फळा टेकवून दोन तास शिकवी. पण त्या दोन तासांची हजेरी कुठल्या पटावर चढत नव्हती. हजेरी भरली नाही की एप्रिलच्या परीक्षेला बसता येणार नाही. आणि वर्ष बुडालेले पोर पुन्हा शाळेच्या पायरीवर दिसत नाही, हे तिने चार वर्षांत पुरते पाहिले होते. मुलांना भट्टीजवळच्या शाळेत परीक्षा देऊ द्यावी, असा अर्ज तिने दोनदा केला. दोन्ही वेळा उत्तर आले, नियमात बसत नाही. उत्तराखाली शिक्षण खात्यातल्या पेठेसाहेबांची सही होती. आणि आजच्या तालुका वक्तृत्व स्पर्धेचे प्रमुख पाहुणे पेठेसाहेबच होते.

विटा पोहोचवायला निघालेल्या टेंपोतून बाकीची सोळा मुले सोमीचे भाषण ऐकायला आली होती. सभागृहाच्या शेवटच्या बाकांवर ती खेटून बसली होती. कुमुदने त्यांना दारातच बजावले होते, “तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कोणी बोललं की सोमी बाद.” तेव्हा त्यांच्यातल्या कान्हाने दोन्ही हात तोंडावर दाबून दाखवले होते.

“क्रमांक चौदा,” परीक्षक वसुंधराबाईंनी पुकारले. “कुमारी सोमी वाघे. विषय, माझी शाळा.”

सोमी मंचावर चढली, कुमुद पुढच्या एका बाकावर येऊन बसली. ध्वनिक्षेपक तिच्या कपाळाच्या उंचीवर होता. तिने तो बिनधास्त वाकवला, तशी पुढच्या रांगेत थोडी हसाहस झाली.

“अध्यक्षसाहेब, गुरुजनहो आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो. माझ्या शाळेला छप्पर नाय. माझ्या शाळेला विटा हायत, पन त्या रोज टेंपोत भरून दुसऱ्यांच्या घराला जातात.”

हसणे थांबले. कुमुदने बाकाची कड घट्ट धरली. हे वाक्य दोघींनी मिळून तीनदा बदलले होते. पेठेसाहेब कार्यक्रमपत्रिका वाचत होते. त्यांनी मान वर केली. सोमी सांगत गेली. पहाटे चारला चिखल कसा तुडवतात, ओल्या विटा उन्हात कशा पालटाव्या लागतात, संध्याकाळी फळ्यावर खडूआधी धूळ कशी बसते. तिच्या आवाजात गयावया नव्हती. नवीन सायकल दाखवावी तसे ती सगळे दाखवत होती.

चार मिनिटांची घंटा झाली.

“आता मी माझी कविता म्हनते,” सोमी म्हणाली. ही तिची स्वतःची. कुमुदने तिच्यात एका अक्षराचा फेरफार केला नव्हता.

“विटा पालटतो, पाढे म्हनतो, कान्हा कुठं हाय?”

चाल वाडीतल्या लग्नातली होती. ती एक ओळ सभागृहभर फिरली. आणि सोमी थांबली.

कुमुद पुढच्या ओळीची वाट पाहू लागली. सोमीची नजर मागच्या बाकांवर होती. पुढे कोणीतरी पुटपुटले, “विसरली वाटतं.” विसरली कशी? तालमीत तर ही कविता एकदाही अडखळली नव्हती. रोज पाट्या पुसता पुसता ऐकत होतो आपण, आणि ऐकता ऐकता...

ऐकता ऐकता दुसरी ओळ कुमुद स्वतःच गुणगुणत होती. दररोज.

तिला वाडीतले मागच्या वर्षीचे लग्न आठवले. म्हातारीने ओळ टाकली होती. बाकीच्यांनी उत्तराची ओळ म्हणून ती झेलायची, पण जेवणाच्या गडबडीत ती कोणी झेललीच नव्हती. म्हातारी मांडवात तशीच उभी राहिली. पुढची ओळ तिने टाकली नाही. झेलल्यावाचून पुढे जाणे म्हणजे गाणे सांडणे, आणि सांडलेले गाणे वाडीत कोणी उचलत नाही. शेवटी कोणीतरी हातातला घास ठेवून ओळ झेलली, तेव्हा कुठे लग्न पुढे सरकले होते.

सोमी विसरली नव्हती. ती वाट पाहत होती.

कुमुदने वळून पाहिले. सोळाच्या सोळा मुलांनी ओठ मिटून धरले होते. कान्हाचे हात अजून तोंडावर होते आणि डोळे कुमुदवर. ओळ त्यांच्या घशाशी आली होती. अडवली होती ती बाईंच्या हुकमाने. वसुंधराबाईंचा हात घंटेकडे गेला. झेलली तर सोमी बाद होणार होती. नाही झेलली तर सतरा मुलांचे गाणे साहेबांसमोर सांडणार होते.

कुमुद उभी राहिली. भर सभागृहात, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली,

“झेला रे.”

“कान्हा हितं हाय गं, कान्हा हितं हाय.”

सोळा गळे एकदम सुटले. पुढच्या रांगांतली डोकी गर्रकन वळली. सोमीचा चेहरा उजळला, आणि तिने लगेच पुढची टाकली,

“पानी भरते, धडा वाचते, दिपा कुठं हाय?”

“दिपा हितं हाय गं, दिपा हितं हाय.”

“माती तुडवतो, नकाशा काढतो, हरेश कुठं हाय?”

ज्याचे नाव येई, ते पोर बाकावर उभे राही. चौथ्या नावाला दाराशी उभा असलेला शिपाई झेलू लागला, सातव्याला अर्धे सभागृह. पाच मिनिटांची घंटा वाजली ती कोणाला ऐकूही आली नाही. कुमुद गात होती की रडत होती, तिचे तिलाच कळत नव्हते.

निकाल सांगताना वसुंधराबाई जरा घुटमळल्या. “क्रमांक चौदा. सभागृहातून साहाय्य मिळाल्यामुळे स्पर्धेतून बाद.” पेठेसाहेबांनी समारोपाचे भाषण केले. शिस्तीवर बोलले, वाचनावर बोलले. गाण्याचे नावही काढले नाही.

बाहेर मुले टेंपोत चढत होती.

“बाई, मंग ती बक्षिसाची ढाल नाय मिलायची?” सोमीने विचारले.

“नाही गं. माझ्यामुळं गेली.”

“जाऊ द्या. टांगायची कुठं? आमच्या झोपडीला भिंत हाय का?” आणि ती कान्हाच्या नकलेवर हसत सुटली. तो सोमीसारखाच हवेतला ध्वनिक्षेपक वाकवत होता.

“आपणच ना त्या भट्टीवरच्या शिक्षिका?”

पेठेसाहेब जीपकडे जाता जाता थांबले होते. जीपचे इंजिन सुरू होते.

“हो. मी दोनदा अर्ज...”

“वाचलेत मी. दोन्ही अर्जांत ‘सतरा विद्यार्थी’ एवढंच आहे. नावं नाहीत.”

अर्ज नेटका, मुद्देसूद व्हावा म्हणून कुमुदने नावे गाळली होती.

“मंजूर होईल असं म्हणत नाही मी,” साहेब म्हणाले. “पण आकड्याला नियम दाखवता येतो. नावं असली तर मला वर विचारावं लागेल. आत्ता देता?”

कुमुदने पिशवीतून कागद काढला आणि तो टेंपोच्या फळीवर टेकवला. सोमीला सांगावे लागले नाही. तिने टाकायला सुरुवात केली, मुले झेलत गेली, कुमुद लिहीत गेली. आईबापांची नावे, वय, इयत्ता. अक्षर मोठे येत होते. सतरावे नाव सोमीचे स्वतःचे. ते कान्हाने टाकले.

कुमुद खाली सही करू लागली. तेवढ्यात सोमीने आणखी एक ओळ टाकली,

“राख उचलते, पाटी मागते, मालू कुठं हाय?”

कोणी झेलली नाही.

“मालू कोण?” कुमुदने विचारले.

“पलीकडल्या भट्टीवरची. तितं बी लय पोरं हायत बाई. पन ती आज आली नायत, तर झेलील कोन?”

कुमुदने साहेबांकडे पाहिले. त्यांनी घड्याळ पाहिले, मग तिच्या हातातला भरलेला कागद. आणि वळून ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितले.