भिंतीवरचा जुना पत्ता

टपालवाल्या भाऊंना माझी तिन्ही ठिकाणं तोंडपाठ, म्हणून जुन्या गिऱ्हाईक भागाबाईचं कार्ड थेट माझ्या हातात पडलं. 'सोमवारी धुळ्याहून येते. लेकीच्या लग्नाचे ब्लाऊज तूच शिवायचे.' सोमवार म्हणजे आजच, आणि दुपारचा एक वाजून गेला होता.

भागाबाईला ठाऊक होतं ते माझं पहिलं दुकान, कादरभाई पिंजाऱ्याच्या शेजारचं. ते सोडताना भिंतीवर रंगाने लिहून घेतलं होतं, 'सुनंदा शिलाई आता राममंदिरामागे.' पुढे बाळी पोटात असताना मंदिरामागची खोलीही सोडली आणि मशीन घरीच मांडली. त्या दारावर वहीचा कागद चिकटवला, 'आता पाण्याच्या टाकीजवळ.' तेव्हाच भिंतही बदलायला हवी होती. पण बाळीचे बाबा म्हणाले, "इतक्या दिवसांनी ती भिंत वाचतंय कोण?" मलाही पटलं. भिंत मंदिरामागे पाठवेल, तिथून कागद घरी पाठवेल. झालं की!

दिवाळीपासून मात्र नवं गिऱ्हाईक नव्हतं. लग्नसराईही अशीच गेली तर मशीन पाचोऱ्याला नणंदबाईंकडे द्यायची आणि मी कापडाच्या दुकानात कामाला जायचं, असं घरात ठरत आलं होतं. मग बाळी दिवसभर कुणापाशी? तिची झोळी मी मशीनशेजारीच बांधली होती. शिवता शिवता दोरी ओढली की ती आतून हुंकार द्यायची.

तिला कडेवर घेतलं आणि निघाले.

मंदिरामागचं दार निळंशार रंगवलेलं. कागदाचा मागमूस नाही. नवी भाडेकरीण म्हणाली, "मघाशी आली होती एक बाई पिशवी घेऊन. मला कुठे माहीत तुमचं घर? गेली परत."

"आणि इथला कागद?"

"तो? दिवाळीत रंग दिला तेव्हाच काढला."

दिवाळीत! म्हणजे इतके दिवस माझीच भिंत बायकांना इथवर आणून सोडून देत होती.

स्टँडकडे धावत सुटले. वाटेत कादरभाईंचं दुकान लागलं आणि पाय थबकले. आत कापसाच्या ढिगाला टेकून, केसांत पिंजलेला पांढरा कापूस, हातात चहाची बशी, भागाबाई!

"बठ्ठं जळगाव पालथं घातलं, माय! तुनं दुकान शे का भिंगरी?"

दुकान आहे की भिंगरी! मला हसू आलं आणि डोळेही भरले. कादरभाईंची बायको हसीनाबी म्हणाली, "भिंतीवर लिहिलेलं तेच मी सगळ्यांना सांगत होते गं. ही एकटीच परत आली भांडायला!"

"मग? जिथून चुकले तिथंच येणार ना मी," भागाबाईने बशी खाली ठेवली आणि पिशवीतून कापडाचा गठ्ठा आणि लेकीचा मापाचा ब्लाऊज काढला. "बारा नग. आणि दोघी जावांचे निराळे."

कादरभाईंनी दाराला दिलेला हिरवा रंग उरला होता. 'राममंदिरामागे' खोडून मी तिथेच लिहिलं, 'पाण्याच्या टाकीजवळ'. मधलं ठिकाणच नको. बाळीने रंगात हात घातलाच. टाकीच्या शेजारी पाच हिरवी बोटं उमटली. ती मी पुसली नाहीत.

संध्याकाळी कापडाचा गठ्ठा बघून बाळीचे बाबा उठले. तेलाची बुधली घेतली आणि मशीनला तेल घालत बसले.