ओटीची पिशवी

मथुराचं लग्न ठरलं तेव्हा हौसाबाईने फर्मान काढलं, ओटीचं सामान न्यायला घरीच गोधडीच्या टाक्यांची पिशवी शिवायची. हात अर्थात दुर्गाचे. दुर्गा ही मथुराची आई आणि हौसाबाईची धाकटी जाऊ. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. विधवेने शिवलेलं चालतं, रांधलेलं तर बोटं चाटत चालतं. तिने पोरीच्या पदरात घातलेले तांदूळ-नारळ तेवढे चालत नाहीत. ओटी भरताना दुर्गाने माजघरात बसायचं, हेही हौसाबाईने त्याच दमात सांगून टाकलं.

पण पोरीची ओटी आपण भरायची, हे दुर्गाने मनात धरलं होतं आणि ते सुटत नव्हतं.

कुडाळच्या बाजारातून जाडा दोरा आला. वरून फुलाफुलांचं चीट, आतून पांढरं मांजरपाट, मधे जुनेराचे, जुन्या कपड्यांचे थर. मधला थर कोण बघतो? दुर्गाने पेटीतून आपलं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. जरीत सुई अडते म्हणून काठ कापून टाकले आणि तुकडे मधे अंथरले. सगळं टाचून घेतलं, मग कडेपासून आत एकेक ओळ धावदोरा घालत गेली. हौसाबाई येता-जाता ते टाके शेजारच्या काशीबाईला दाखवायची, जशी काही स्वतःच शिवत होती.

लग्नाच्या सकाळी हौसाबाई पिशवी काखेत मारून सातेरीच्या देवळात गेली. आधी गावदेवीची ओटी, मग नवरीची, हा तिथला रिवाज. गुरवाने नारळ फोडून एक कवड, अर्धा नारळ, परत दिली. ती ओली कवड हिने तशीच पिशवीत टाकली.

घरी येऊन बघते तर पांढऱ्या अस्तरावर हिरवा डाग, आणि तो पसरतोय. बाकीचं जुनेर दुर्गाने धुऊन घेतलं होतं. त्या लुगड्याला मात्र पाणी लावायला तिचा हात झाला नव्हता.

हौसाबाईने माजघराचं दार लोटून घेतलं.

"ह्या खंयचा फडका घातलस गो मधी?"

"माझा लग्नातला लुगडा आसा, वयनी."

हौसाबाई तोंडाला येईल ते बोलली. रांडवेचं लुगडं देवीच्या पुढ्यात नेलंस, घराचं वाटोळं करशील, आत्ताच्या आत्ता उसव. दुर्गाने कात्री तिच्याकडे सरकवली.

"तूच उसव. आणि भायर जाऊन सांग, देवीची ओटी ह्या पिशयेतून कोणी नेली ती. देवीन ती घेतल्यान. मगे तुका कित्या चलत नाय?"

बाहेरून भटजी ओटीचं सामान मागत होते. वऱ्हाडाला कळलं तर पहिला बोभाटा पिशवी नेणारीचाच होणार, हे हौसाबाईला न सांगता कळलं. तिने पिशवी पोटाशी धरली आणि मांडवात गेली.

मागोमाग दुर्गा गेली. काशीबाईने हौसाबाईकडे बघितलं. दुर्गाला मागे फिर म्हणायचं तर हिनेच. हौसाबाई तांदूळ काढत राहिली.

दुर्गाने तिच्यासमोरचे तांदूळ ओंजळीत घेतले आणि पोरीपुढे वाकली. वऱ्हाडातली कोणीतरी पुटपुटली. मथुराने मान वर केली नाही. पदर तेवढा आणखी पसरला.