सगळ्या गाद्या उन्हात

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि मी उडतो. तुमचा विश्वास बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. आजवर माझ्यावर माणसं बसली, शेळ्या बसल्या, विश्वास तेवढा कुणाचा बसला नाही.

मी मूळचा इरोको. आमच्या आबेओकुटाकडे इरोकोच्या खोडात भूत राहतं, म्हणून सुतार करवत लावण्याआधी झाडाची माफी मागतो. माझ्या सुताराने घाईत अर्धीच मागितली. त्यामुळे माझा एक पाय आखूड राहिला आणि अर्धं भूत माझ्यातच राहिलं.

शाळेत आणलं तेव्हा माझ्यात तोंड पाहून घ्यावं अशी लकाकी होती. पाहुण्यांना माझ्यावरच बसवत. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी आधी व्हरांड्यात, मग वसतिगृहामागच्या मैदानात गेलो. ऊन खाल्लं, पाऊस प्यायलो. दुपारी डोळा लागला की मला पानं फुटल्यासारखी वाटत.

एका वर्षी हरमॅटनचा वारा वाळवंटाची धूळ घेऊन आला आणि सूर्य दुधात पडल्यासारखा दिसू लागला. त्या दिवसांत सिकिरात नावाची नवी मुलगी रोज आपली गादी माझ्यावर वाळत घालायची. झोपेत तिची गादी भिजायची. बाकीच्या मुली तिला पाहिलं की ओरडत, “पळा गं, ओगुन नदीला पूर आला! होड्या काढा!”

एके सकाळी सिकिरातने त्यांतल्या एकीच्या डोक्यात बादली घातली.

शिस्तीचे सोटुंडे सर धावत आले. “का मारलंस? तोंडात गारीचा रवा भिजत घातलाय का? बोल की! नाही बोललीस तर दुपारच्या गाडीने घरी. शाळा संपली तुझी.”

सिकिरातने पडलेली बादली उचलून सरळ ठेवली. कारण सांगायचं म्हणजे गादीचं सांगायचं, आणि ते तर मेलं तरी सांगायचं नव्हतं.

तिला अकिनसान्या बाईंकडे पाठवलं. मुलांशी बोलण्यासाठीच या बाईंची नेमणूक झाली होती. लेगॉसहून शिकून आल्या होत्या. खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या. त्यांची खिडकी माझ्या समोरच, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“माझ्या डोळ्यांत बघून बोल, बाळ.”

आता मोठ्यांच्या डोळ्यांत बघायचं नाही, हे आमच्याकडे पोर रांगायच्या आधी शिकतं. बाईसुद्धा तेच शिकल्या होत्या, पण लेगॉसला विसरून आल्या. सिकिरातने मान खाली घातली.

दारातून सर म्हणाले, “बघा, नजर चोरतेय. मी म्हटलं नव्हतं?”

शेवटी सिकिरात आपली ट्रंक घेऊन गाडीची वाट बघत माझ्या एका टोकाला येऊन बसली. थोड्या वेळाने हरलेल्या अकिनसान्या बाई उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि दुसऱ्या टोकाला बसल्या. बाई चांगल्या भरल्या अंगाच्या. मी मुद्दाम आखूड पायावर कललो. सिकिरात वर, बाई खाली, शेंगा मैदानभर! पोरगी फिस्सकन हसली.

“हसतेस काय? सरक इकडे, नाहीतर मी पडले बघ!”

दोघी मध्यभागी खेटून बसल्या. समोर नुसतं धुकट मैदान. बाई शेंगा फोडू लागल्या, सिकिरातही फोडू लागली. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

आणि मित्रांनो, तेव्हा मी उडालो. अलगद, गवताचं पातंही न हलवता. खाली गंजलेल्या लाल पत्र्यांची छपरं आणि मंद वाहणारी ओगुन नदी. मग वसतिगृहातल्या सगळ्या गाद्या बगळ्यांसारख्या वर आल्या आणि आमच्याबरोबर तरंगू लागल्या. एका ओल्या गादीला बिलगून एक लुकडा मुलगा बसला होता. कान अगदी सोटुंडे सरांचे.

सिकिरात धुक्याकडे बघत हळूच म्हणाली, “बाई, माझी गादी भिजते. मला कळतच नाही. घर सोडल्यापासून होतंय. म्हणून त्या मला नदी म्हणतात.”

“अस्सं,” बाई म्हणाल्या. “ही घे, तीन दाण्यांची आहे.”

मी खाली टेकतो न टेकतो तोच सर आले. “गाडी आलीय! चल!”

“सर, बसा जरा,” बाई म्हणाल्या.

सर बसले. मैदानाकडे बघत सिकिरातने त्यांनाही सगळं सांगितलं. सरांनी बराच वेळ एकच शेंग सोलली.

“याच बाकावर माझीही वाळायची,” ते पुटपुटले.

“काय, सर?”

“गादी! आणखी काय!” ते गुरगुरले. “बादली मारलीस ती चूकच. जा, तिची माफी माग. आणि ट्रंक आत ने.”

गाडी तशीच गेली. शनिवारी सरांनी फर्मान काढलं, दर आठवड्याला सगळ्यांच्या गाद्या उन्हात. पहिली गादी त्यांनी स्वतःची आणून माझ्यावर टाकली. ओली कुणाची आणि कोरडी कुणाची, कुणाला कळेना. नदीचा पूर ओसरला.

म्हणून मित्रांनो, मला जपा. पावसात आत घ्या, अधूनमधून तेल पाजा, आखूड पायाखाली वीट मात्र लावू नका. शेजारी कुणी गप्प बसलं असेल तर त्याच्या तोंडाकडे टक लावू नका. समोर बघा आणि शेंगा फोडा. कारण त्या दिवसापासून या शाळेत माझ्यावर बसून कुणीही रडलेलं नाही. एकदासुद्धा नाही.

“खोटं!” माझ्या टोकावर पाय हलवत बसलेली, यंदाच वसतिगृहात आलेली फोलाके ओरडली. “साफ खोटं! कालच मी रडले की, इथेच बसून! बाईंना विचार हवं तर. शेजारी शेंगा सोलत होत्या त्या.”