लाल फडक्याचा बांबू

मी एक बांबू आहे. दोन पुरुष उंचीचा, डोक्याला लाल फडकं बांधलेला. स्वभावाचं विचाराल तर पक्का संशयी. ज्याला कुणीही उठून उपटू शकतं, त्याने दुसरं काय व्हावं?

श्रीगोंद्याच्या बाजारात लंकाबाईने मला चारचारदा ठोकून, उलटंपालटं करून निवडलं. टेम्पोच्या टपावरून मी धरणाच्या काठी आलो आणि बघतच राहिलो. उसाच्या मुलखात चक्क समुद्रकिनारा! उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकतं, वाळू उघडी पडते, आणि मग तंबू येतात, भेळ येते, एक उंटही येतो. लोक त्याला 'बीच' म्हणतात. पाण्याची चव घेतात आणि खारट नाही म्हणून नवल करतात.

लंकाबाई याच काठावर तळलेले मासे विकते. तिने माझ्या डोक्याला साडीचं फडकं बांधलं आणि मला घेऊन गुडघाभर पाण्यात शिरली. पलीकडच्या देवळाचं शिखर आणि पाण्यातली वाळकी बाभूळ एका रेघेत आली, तशी थांबली. पायाने चाचपलं.

"हितं आमची हीर हाय," ती मला म्हणाली. "गाव बुडालं तवा ही बी बुडाली. कुनाला फुडं जाऊ देऊ नको." आणि विहिरीच्या काठालगत तिने मला रोवलं.

मला आधी तिचाच संशय आला. परक्यांची एवढी काळजी कोण करतं? त्यात इकडची रीत अशी, की पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक कलिंगडं पेरतात, आणि जागा धरायला फडक्याची काठी रोवतात. म्हातारीचा डोळा गाळावर तर नसेल?

नेमका हाच किडा कल्याणच्या डोक्यात शिरला. काठावरचे सगळे तंबू त्याचे.

"काकू, ही काठी कशापायी?"

"हीर हाय खाली. किती येळा सांगू?"

"व्हय, व्हय. अजिनाथनं बी अशीच काठी रोवली हुती. आता तितं त्याची कलिंगडं हायेत."

तो हसत बोलला, पण जाताना मला दोनदा वळून बघून गेला. मला ते बघणं मुळीच आवडलं नाही.

एके दिवशी लंकाबाई लेकीकडे गेली. ती एसटीत बसते न बसते तोच कल्याणने मला उपटलं आणि वाळूत व्हॉलीबॉलच्या जाळीचा खांब केलं. फडकं तसंच ठेवलं, शोभतं म्हणाला. मी विहिरीच्या दिशेला बघत उभा. तिथे आता नुसतं सपाट, चकचकीत पाणी. इतकं गरीब दिसणारं पाणी मी पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता.

रविवारी चर्चची उपासना आटोपून भिंगारचा अँड्र्यू आपल्या मुलीला, प्रार्थनाला, घेऊन आला. खेळता खेळता चेंडू जाळीवरून उडाला तो थेट तिकडेच. प्रार्थना हसत पाण्यात धावली. पाणी घोट्याला लागलं, पोटरीला लागलं, गुडघ्याला आलं. मी ओरडणार कशाने?

तेवढ्यात एसटीतून उतरलेली लंकाबाई पिशवी टाकून धावत आली. "पोरी, थांब! जागची हलू नको!" प्रार्थना दचकून थांबली.

कल्याण आडवा आला. "काकू, गिऱ्हाइकाला घाबरवू नको. तुजं नाटक कळतंय मला. जमीन धरायचीय तुला!"

लंकाबाईने त्याला बाजूला सारलं. मला जाळीतून हिसकून ती पाण्यात शिरली आणि प्रार्थनाच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, मला सरळ खाली सोडलं. मी जातच राहिलो. खाली गारठा होता, काळोख होता, अंगाला विहिरीचे दगड खरडत होते. माझं फडकं बुडालं, तिची मूठ पाण्याला टेकली, तरी तळ लागला नाही.

तिने मला वर काढलं. अँड्र्यूने मुलीला उचलून घेतलं. ती केवढी मोठी, कडेवर मावेना, तरी तो तिला खाली ठेवेना. कल्याण पाण्यापाशी आला.

"काकू, मला वाटलं..."

"जमीन बी आमचीच हुती, कल्याण. मागितली का मी कवा?"

शरमून तो वाळूत पडलेली जाळी गुंडाळू लागला. खरं सांगतो, मलाही लाज वाटली.

आता मी पुन्हा माझ्या जागेवर आहे. कल्याण रोज सकाळी मला हलवून बघतो, घट्ट आहे ना. आणि हळूच हेही बघतो, की मी गाळाच्या बाजूला सरकलो तर नाही. सवय जात नाही हो. पाहुणे मला धरून फोटो काढतात. काढा बापडे, पण माझ्या पुढे जाऊ नका, आणि कुणी मला हलवायला आलं तर त्याचा हात धरा. पाणी चढलं की मला घरी नेतात, पण दर उन्हाळ्याला ही जागा नव्याने शोधावी लागते. ती रेघ एकट्या लंकाबाईला ठाऊक, आणि तिचे गुडघे थकलेत.

परवा कल्याण पाण्यात तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "काकू, रेघ कुठनं धरायची?"

"तुला कशापायी पायजे?" तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. बराच वेळ न्याहाळलं. मग त्याचे खांदे धरले आणि त्याचं तोंड देवळाकडे वळवलं.